तीन इंच वायर

मिस्त्रींना कशाची भीती वाटते, असं त्या सोमवारच्या आधी कुणी विचारलं असतं तर त्यांना आठवून सांगावं लागलं असतं. सव्वीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेली. सात मजले खोल अंधारावर, केबिनच्या छपरावर उभं राहून, दातांत बॅटरी धरून त्यांनी पाने फिरवले होते. बायको शाळेच्या ग्रंथालयात होती. ती म्हणायची, यांना घाबरायला सवडच मिळाली नाही.

सोमवारी सकाळी अकराला कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. शुक्रवारी तुम्ही ज्या सहा मजली इमारतीत गेला होतात, तिथे काल संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचा माणूस लिफ्टचं दार उघडून आत गेला. आत लिफ्ट नव्हती. चित्रकलेचे निवृत्त मास्तर होते. दवाखान्यात नेईपर्यंत संपले. पोलिसांनी तुम्हाला बोलावलंय, फक्त माहिती विचारायला.

मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला. ती लिफ्ट त्यांना पाठ होती. जुन्या पद्धतीची, हाताने ओढायच्या दाराची. चौथ्या मजल्याच्या दाराची खिटी झिजली होती. लिफ्ट नसतानाही जोराने ओढलं तर दार उघडायचं. अशा वेळी लिफ्ट चालूच नये म्हणून दाराच्या लॉकमध्ये वीज तोडायची सोय असते. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधताना मिस्त्री लोक तेवढ्यापुरती एक छोटी वायर जोडून ती सोय बाजूला ठेवतात, आणि काम झालं की वायर काढतात. पोलिसांना चौथ्या मजल्याच्या लॉकमध्ये अशीच तीन इंच वायर सापडली होती. ती आत असल्यामुळे लिफ्ट बिघडलेल्या दारासकट बिनबोभाट चालत राहिली.

वायर शुक्रवारी त्यांनी जोडली होती, हे नक्की. बिघाड सापडला होता, तेही नक्की. मग लेकीचा फोन आला होता, ती परगावी शिकायला होती. बोलून झाल्यावर त्यांनी वर मशीन रूममध्ये जाऊन मुख्य स्विच बंद केला, रजिस्टरमध्ये लिहिलं, खाली 'बंद आहे' ची पाटी लावली. हे सगळं डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. वायर काढल्याचं मात्र दिसत नव्हतं. न काढल्याचंही दिसत नव्हतं. तिथे नुसतं कोरं होतं.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्यांना मोटारसायकलवरून पोलीस ठाण्यात घेऊन गेला. वाटेत त्याने ठासून सांगितलं की वकील वगैरे अजिबात नको, वकील नेला की माणूस उगाच चोर दिसतो. आपण सरळ आहोत, सरळ सांगायचं आणि जेवायला घरी यायचं. मेहुण्याला सगळ्या विषयांत गती होती आणि त्यातला एकही विषय त्याच्यावर कधी बेतला नव्हता.

आत भिंतीला लागून लाकडी बाक होतं. मिस्त्री त्यावर तीन तास बसले. कुणी ओरडलं नाही, कुणी हात लावला नाही. समोरून माणसं फायली घेऊन जात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नसे, आणि त्याचीच भीती साचत गेली. मग साहेबांनी आत बोलावलं, चहा मागवला, घरी कोण कोण असतं ते विचारलं. साहेब फार मऊ बोलत होते.

"मिस्त्री, माणूस आहे, होतं. वायर चुकून राहिली असेल ना?"

आणि मिस्त्री, ज्यांनी तीन तासांत एकाही माणसाच्या तोंडून बरा शब्द ऐकला नव्हता, ते म्हणाले, असेल साहेब. साहेबांनी तेवढं लिहून घेतलं. कागद पुढे आला. चष्मा घरी राहिला होता. वाचून दाखवा म्हणायचा संकोच वाटला; एवढ्या चांगल्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा? त्यांनी सही केली. मग साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि मिस्त्रींना पट्टा, घड्याळ आणि बुटाच्या नाड्या काढून द्यायला सांगितलं.

बाहेर मेहुणा अजून जेवायच्या वेळेचा हिशेब करत उभा होता.

वकीलबाई दुसऱ्या दिवशी भेटल्या. मिस्त्रींच्या बायकोने आदल्या संध्याकाळीच ग्रंथालयातल्या एका पालकाकडून त्यांचा पत्ता काढला होता. बारीक चणीच्या, सर्दी झालेल्या, एका हातात रुमाल आणि एका हातात पेन. मिस्त्रींना धीराचे दोन शब्द हवे होते. बाईंनी आधी विचारलं, कशावर सही केलीत? मिस्त्रींनी सांगितलं. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं.

मग बाई तो कागद बघून आल्या आणि त्यांनी सावकाश समजावलं. इथून पुढे कुणाशीही त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही. साहेबांशी नाही, कोठडीतल्या शेजाऱ्याशी नाही, मेहुण्याशी तर नाहीच. गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे. घाबरलेला माणूस समोरच्याला बरं वाटेल असं बोलतो, म्हणून गप्प बसायचं. सही केलेला कागद आता पुसता येणार नाही, पण त्यात 'राहिली असेल' असं लिहिलंय, 'राहिली' असं नाही. एवढ्या एका शब्दावर आपल्याला पुष्कळ दिवस उभं राहायचंय.

"बाई, मला त्यांच्या घरी जाऊन यायचंय. मास्तरांच्या बायकोला भेटायचंय."

"काय सांगणार त्यांना?"

"ते तिथे गेल्यावर सुचेल."

"म्हणून जायचं नाही," बाई म्हणाल्या. "केस संपेपर्यंत त्या गल्लीतसुद्धा नाही."

पाचव्या दिवशी जामीन झाला. मिस्त्रींच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारे सुतार जामीन राहिले. मिस्त्री घरी आले, पण जे गेलं होतं ते सबंध परत आलं नाही. दारावरची बेल वाजली की ते मोरीत जाऊन उभे राहत. आठवड्यातून दोनदा ठाण्यात हजेरी असे. त्या दिवशी ते न जेवताच निघत. कंपनीने कामावरून थांबवलं होतं. दिवसभर ते खिडकीशी बसून शुक्रवारचा तो अर्धा तास पुन्हा पुन्हा चालवून बघत. लॉकचं झाकण, वायर, फोन, स्विच. कधी कधी बोटांना वायर काढल्याचं जाणवायचं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, ते आपणच मनाशी रचलं.

बाईंनी त्यांना एक वही दिली होती. शुक्रवारी सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सगळं लिहा, कोणता शर्ट होता तेही लिहा, आणि जे आठवत नाही तिथे आठवत नाही असंच लिहा. ही वही फक्त माझ्यासाठी. मिस्त्रींनी अकरा पानं लिहिली. बाईंनी ती वाचून एकाच ओळीवर बोट ठेवलं. स्विच बंद केल्यावर मिस्त्रींनी कंपनीला मोबाईलवरून निरोप पाठवला होता: चौथ्याचं लॉक हवं, लिफ्ट बंद ठेवली आहे. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. मिस्त्रींना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, रोजचाच निरोप. बाईंना खूप वाटलं. इमारतीचे सेक्रेटरी पोलिसांना सांगत होते की मिस्त्री लिफ्ट चालू ठेवून गेले, आणि मशीन रूममध्ये रजिस्टर तर कधी नव्हतंच, असंही ते म्हणत होते.

"म्हणजे मी सुटलो?" मिस्त्रींनी विचारलं.

बाई म्हणाल्या, नाही. यातून एवढंच ठरतं की लिफ्ट नंतर कुणीतरी चालू केली. वायर कुणाची, ते नाही.

मग तारखा सुरू झाल्या. मिस्त्रींना वाटलं होतं, कोर्ट म्हणजे मोठमोठ्याने वाद, टेबलावर हात आपटणं. प्रत्यक्षात कोर्ट म्हणजे बहुतेक करून व्हरांडा होता. सकाळी दहाला जायचं, दाराबाहेरच्या यादीत आपला नंबर शोधायचा, पुकारा होईपर्यंत लघवीलासुद्धा जायचं नाही. साक्षीदार आजारी, पुढची तारीख. न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख. त्या व्हरांड्यात समोरच्या बाकावर मास्तरांच्या पत्नी बसायच्या, भाच्याला घेऊन. निळ्या काठाची छत्री मांडीवर आडवी. त्या कधी रागाने बघत नसत. त्या नुसत्या बघत, आणि मिस्त्री बुटांकडे मान घालून बसत. तीन वर्षांत त्यांनी त्या बाईंचा आवाज ऐकला नाही.

दुसऱ्या वर्षी सरकारी वकिलांकडून निरोप आला. गुन्हा कबूल करा, शिक्षा कमीत कमी मागू, कदाचित तुरुंगात जावंच लागणार नाही. नाहीतर केस चालेल, आणि चालली तर पाच वर्षंही होऊ शकतात. वकीलबाईंनी दोन्ही बाजू मांडल्या, काही झाकलं नाही. म्हणाल्या, हा निर्णय माझा नाही, तुमचा आहे.

घरी बायको भाजी निवडत होती. तिने हातातलं खाली ठेवलं नाही.

"घ्या कबूल करून," ती म्हणाली. "मला तुम्ही घरी हवेत. खरंखोटं मग बघू आपण."

मिस्त्रींनाही तेच हवं होतं. भीतीने ते इतके थकले होते की शिक्षा झाली तरी एकदाची झोप लागेल असं त्यांना वाटे. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या ऑफिसात हो म्हणायलाच गेले. मला तिथे नेमकं काय बोलावं लागेल, एवढंच त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, न्यायाधीश विचारतील, वायर तुम्ही तशीच ठेवलीत हे तुम्हाला मान्य आहे का. तुम्ही म्हणायचं, मान्य आहे.

मिस्त्री उठायला निघाले आणि परत बसले.

"ते मला माहीत नाही, बाई. एकदा माहीत नसताना हो म्हटलंय. परत नाही म्हणवणार."

त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्यांचा कोर्टाचा शर्ट इस्त्री करून दाराला लावला.

साक्षी झाल्या. सेक्रेटरींनी शपथेवर सांगितलं की लिफ्टला कुणी हात लावला नाही. इमारतीचा वॉचमन पिंजऱ्यात आला तेव्हा मिस्त्रींपेक्षा जास्त घाबरलेला होता. वकीलबाई त्याच्याशी आत्याने बोलावं तशा बोलल्या. शनिवारी लिफ्ट बंद होती का? होती. पाटी होती? होती. मग चालू कशी झाली? वॉचमनने सेक्रेटरींकडे पाहिलं, मग जमिनीकडे. सेक्रेटरी साहेबांनी पाण्याच्या पंपाचं काम करणाऱ्याला बोलावलं होतं, तो वर गेला. किती वेळ होता वर?

"अर्धा-पाऊण तास."

"वरच होता का सगळा वेळ?"

"चौथ्यावर पण आला होता, दारापाशी."

बाई म्हणाल्या, एवढंच. आणि खाली बसल्या.

बाईंनी वायरचं विचारलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाईंना गाठलं. बाईंनी डबा उघडता उघडता सांगितलं की ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो कोर्टात विचारायचा नसतो. स्विच चालू करायला अर्धा तास लागत नाही, हे न्यायाधीशांना कळतं. पंपवाला तर केव्हाच गाव सोडून गेला होता. पोलिसांना तो सापडला नाही. फार शोधलाही नसावा.

निकालाच्या दिवशी मिस्त्रींनी पिशवीत औषधं आणि दोन जोडी कपडे भरून घेतले होते. न्यायाधीशांनी जवळजवळ पुटपुटतच वाचलं. सरकार पक्षाला निःसंशय सिद्ध करता आलेलं नाही, आरोपीला संशयाचा फायदा. मिस्त्रींना कळलंच नाही. बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून सांगितलं, सुटलात. बायको मागच्या बाकावर रडत होती आणि मेहुणा, मी म्हणतच होतो, असं सांगायला माणूस शोधत होता.

जिन्यात मास्तरांच्या पत्नी थांबल्या होत्या. भाचा दोन पायऱ्या खाली. मिस्त्रींनी वकीलबाईंकडे पाहिलं. बाई बाजूला झाल्या. आता केस संपली होती.

"तुम्ही ती वायर काढली होती का?" मास्तरांच्या पत्नींनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, किराणा दुकानात काही विचारावं तसा.

व्हरांड्यातल्या तीन वर्षांत जेवढी वाटली नव्हती तेवढी भीती मिस्त्रींना त्या पायरीवर वाटली. हो म्हटलं असतं तर त्या बाईंना बरं वाटलं असतं का, नाही म्हटलं असतं तर निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं का, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

"आठवत नाही, ताई. लई आठवून पाहिलं. खरंच आठवत नाही."

त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "हेच तेव्हा येऊन सांगितलं असतंत तर..." भाच्याचा हात धरून त्या उतरून गेल्या.

कंपनीने मिस्त्रींना परत घेतलं, पण त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं काम मागितलं नाही. आता ते गोदामात टेबलाशी बसून दारांची लॉक दुरुस्त करतात. नवीन आलेल्यांना ते एक गोष्ट शिकवतात: चाचणीची वायर हातभर लांब आणि लाल रंगाची घ्यायची, तिचं दुसरं टोक मनगटाला बांधायचं. कुणी हसलं तर हसू देतात. काम झालं की प्रत्येक लॉक उघडून पुन्हा बघतात, मग फोटो काढतात, आणि घरी जाण्याआधी एकदा फोटो उघडून बघतात. बायकोने एकदा विचारलं, अहो, अजून भीती वाटते का? ते म्हणाले, बेल वाजली की वाटते. मग म्हणाले, बेलची तेवढी जाईल हळूहळू.