डोह बंद होता तेव्हा

समस्त मांसाहारी, शाकाहारी आणि फक्त श्रावण पाळणाऱ्या वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पोलादपूरजवळच्या माझ्या मामाच्या गावात माणसे माणसांना खात नाहीत. हसू नका. तसा ठराव गावकीने देवळात नारळ ठेवून एकमताने केला आहे, आणि त्या बैठकीला मी महाडहून खास हजर होतो. ठरावाचे शब्द एवढेच होते, 'दिवस होईपर्यंत डोह बंद.' अर्थ सगळ्यांना कळला.

कारण होते माझा मामेभाऊ. ऐन आषाढात तो म्हशी आणायला सावित्री नदीपलीकडे गेला आणि परतताना पाण्याने नेला. म्हशी पोहून घरी आल्या. आम्ही महाडपर्यंत काठ तुडवला, पण हाती लागले फक्त त्याचे इरले, गावाखालच्या डोहात, करंजाच्या मुळीला अडकलेले.

आमच्याकडची रीत अशी, की नदीने माणूस नेला तर त्याचे दिवस होईपर्यंत त्या डोहाचा मासा खायचा नाही. कारण कोणी तोंडाने सांगत नाही. पोराने विचारलेच, तर आई म्हणते, "गप जेव." एरवी ही बंदी देह मिळून दिवसकार्य झाले की सुटते. इथे देहच नव्हता. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून जाळतात, पण माझी मामी, त्याची आई, ते होऊ देईना. "गवत जाळून माझा पोर कसा जाईल?" एवढेच म्हणायची.

दोन शिमगे आले नि गेले. डोहात कोणी जाळ्याची पाग टाकेना आणि मासे माजले. संध्याकाळी काठावर उभे राहिले की पाण्यातून चपक चपक आवाज यायचा, मन लावून जेवणाऱ्या माणसासारखा. बायकांनी तिथे धुणे धुवायचे सोडले. श्वास घ्यायला मरळी तोंड वर काढायच्या आणि जाताना उगाच रेंगाळायच्या. एकीशी माझी नजरानजर झाली. नमस्कार करावा की पळावे ते न कळून मी दोन्ही केले.

गंमत म्हणजे, महाडच्या बाजारातले मासे गाव खुशाल खात होते. महाड त्याच नदीवर, खालच्या अंगाला. मी हे एकदा भर पंगतीत बोललो. "भाच्या," शेजारचा म्हणाला, "तुला जेवायचं हाय ना?" मी जेवलो.

तिसऱ्या शिमग्याला मुंबईकर आले, त्यांना कालवण हवे होते. मग गावकी मामीच्या ओटीवर जाऊन बसली. पुढारी तिचा चुलत दीर.

"वयनी, त्याला मोकला कर. गावाला पन मोकला कर."

"गावाला मासं खायचं हाय, सरल बोल ना."

"तसं नाय गो..."

"तसंच हाय. मग आना मरल. डोहातली, मोठी. पयली मी खानार. मग पुतला जाला नायतर डोंगर जाला."

"दिवस व्हायच्या आधी?" दीर म्हणाला. "वयनी, ते म्हंजे..." पुढचा शब्द त्याच्या जिभेवर आला आणि त्याने तो गिळला. भटजींना फोन लावला. ते म्हणाले, "पुतळ्याचा विधी शास्त्रात आहे. माशाचं मला विचारू नका." आणि रेंज गेली. त्या ओटीवर रेंज कधी जात नाही.

मामी दिराकडे वळली. "तुझ्या बापाच्या दहाव्याला कावला शिवला, तवा काय बोललास? बाबा आले, जेवले. कावल्यात तुझा बाप येतो, मग माशात माझा पोर नाय?"

दीर उठून डोहाकडे निघाला. पाग पडली आणि पहिल्याच फेकीत मरळ आली, निघायच्या तयारीत बसल्यासारखी.

माझ्या मामेभावाची जन्मभर एकच तक्रार होती, की आईचे कालवण अळणी. पहिल्या घासाआधीच तो हात पुढे करायचा, "मीठ आन." त्या दिवशी मामीने चुलीवरच्या कालवणात मीठ घातले, थांबली, आणि आणखी चिमूट घातली. ताटे दोन वाढली, एक तिचे, एक समोर त्याच्या जागेवर. सारे गाव अंगणात उभे होते. घरातले मांजर, जे मासा म्हटला की जीव टाकते, ते उंबऱ्याच्या आत येईना.

मामी खाऊ लागली. घाई नाही, रडणे नाही. मी किळस यायची वाट बघत होतो, पण ती आलीच नाही. राख सावडायला गेल्यावर अस्थी वेचतात, तसे ती एकेक काटा वेचून बाजूला ठेवत होती. खाऊन झाल्यावर तिने ते काटे धुतले, पांढऱ्या फडक्यात बांधले आणि दिराच्या हातात दिले.

"हे पुतल्यात घाल. आता जाला."

दिराने ते दोन्ही हातांनी घेतले आणि आपसूक कपाळाला लावले. अंगणातली माणसे मागे सरून वाट देऊ लागली. मामी मात्र समोरच्या भरल्या ताटाकडे बघत बसली होती. एकदम दचकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, ती ओरडलीच, "गो बाय! आज मीठ नाय मागितलान त्यानं!"