भोंग्याला मरणारा सर्व्हर

म्हसावदचा ईश्वर साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी ईश्वर, अन् साहेबांच्या खोलीतला पंखा फिरला नाही तरी ईश्वरच. खरा जीव मात्र डिरेक्टरी सर्व्हरमध्ये. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कशाला हात लावू द्यायचा, हे ठरवणारा तो कारखान्याचा राखणदार.

गळीत भरात आलं अन् राखणदार पाळी बदलताना मरू लागला. रोज नाही, लहर लागली की. मग वजनकाट्यावर कोणाचंच नाव चालेना, अन् उसाचे ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत.

"आज दुपारच्या भोंग्याला पडला, तर उद्या नाशिकचा माणूस येईल. तुम्ही घरी," मॅनेजर राजेंद्र साहेब शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

एकट्याने तपासलं की सर्व्हर ठणठणीत. पाहुणे आले की पोर गुणी, तसलाच प्रकार! पण सकाळी मरताना त्याने मेमरीची नक्कल डिस्कवर टाकली होती. ईश्वरने ती उघडली. सर्व्हर एकाच वेळी अनेक धागे चालवतो, प्रत्येकाकडे एकेक काम. त्यातला एक धागा वजनकाट्याच्या नावाची नोंद पुसत होता, अन् दुसरा तीच नोंद वाचत होता. एकच नाव दोन ठिकाणी? तो काट्यावरच्या चुनीलालकडे पळाला.

"चुनीलालदादा, पाळी बदलताना काय करतस तुम्ही?"

"मी उठाना पहिले पुढली पाळीना उखा शेजारना कॉम्प्युटरवर बसस, मन्हंच नाव घालस. मंग मी बाहेर पडस. काटा रिकामा ठेवाना नई भो, लक्ष्मी उठी जास!"

"दोघं एकाच नावाने?"

"मंग काय, तुन्हा नावे?"

काटा झटपट चालावा म्हणून नोंदी मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्रामचा तुकडा ईश्वरनेच सर्व्हरला जोडला होता. चुनीलाल निघाला की नोंद पुसली जायची. उखा अजून तीच वाचत असला, तर सर्व्हर आडवा.

त्याने प्रोग्राममध्येच नोंदीला कुलूप घातलं. शेवटचा निघाल्याशिवाय पुसायची नाही. आता 'आज तेवढं एकेकाने करा' म्हटलं असतं, तर दिवस निभावला असता. पण उद्या?

"दादा, रोजनासारखंच करा. दोन्ही कॉम्प्युटरवर."

"पडनं तर?"

"पडू द्या."

भोंगा झाला. साहेब मागे येऊन उभे राहिले. उखाने नाव घातलं, चुनीलाल बाहेर पडला. पडदा क्षणभर गोठला. मग ट्रॅक्टरचं वजन उमटलं. मागून दुसरा आला, तिसरा आला.

"नाशिकला सांगा, येऊ नका," साहेब म्हणाले.

ईश्वरने फोन उचलला. नंबर दोनदा चुकला.