मिस्त्रीचा पांढरा रुमाल

शेवटच्या दिवशी सकाळी मामाने रुमाल मामीच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा धुवू नकोस. मॅनेजरला दाखवायचाय."

मामी लॉन्ड्रीत टेबलक्लॉथच्या घड्या घालत होती. दोघंही कामाला एकाच ठिकाणी, त्या सभांच्या मोठ्या हॉलवर. ती मागच्या बाजूला कपडे धुवायच्या खोलीत आणि तो तिच्यापासून वीस पावलांवर, जनरेटरच्या खोलीत. एकोणीस वर्षं झाली होती याला. एका घरातले दोघं एका जागी नोकरीला असले की भांडण घरी न्यायचं का कामावर आणायचं तेच कळत नाही, असं मामी म्हणायची. पण डबा दोघांत एकच असायचा.

रुमालाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीन चालू केलं की मामा धुराच्या पाइपच्या तोंडासमोर पांढरा रुमाल धरायचा आणि मनात दहा मोजायचा. करडा डाग पडला तर मशीन खुशीत आहे. काळा पडला तर काहीतरी अडलंय, उघडून बघायचं. काटे, मीटर सगळं होतं समोर, पण मामाचा भरवसा रुमालावर. आणि तो रुमाल रोज मामीने धुवायचा. आधी साबण, मग रॉकेल, मग परत साबण. "लोकांचे नवरे घाम पुसून रुमाल आणतात, माझा इंजिनाचं नाक पुसून आणतो," असं ती सगळ्यांना सांगायची.

त्या दिवशीचा रुमाल तव्यासारखा झाला होता.

"अहो, मशीन बिघडलंय का?" मामीने विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे. हा पाइपसमोर धरलेला नाही. माझ्या स्टुलामागच्या खिळ्याला टांगला होता, काल दिवसभर."

मामीला जरा वेळ लागला कळायला. खोलीतल्या खिळ्यावरचा रुमाल काळा झालाय म्हणजे धूर खोलीत येतोय. ते स्टूल जिथे आहे तिथे.

"डोकं जड झालंय कालपासून," मामा म्हणाला. "होईल बरं. एक वाजता संपतेय सभा."

आता ही सभा कसली, तर धूर कमी करायची. सगळ्या जगाचे लोक येणार, कुणी किती धूर काढायचा ते ठरवणार. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला पंधरा दिवस आधीच सांगून गेले होते की कोळशाची इस्त्री बंद, पाहुणे येतायत. त्याने बिचाऱ्याने गाडी उलटी करून भिंतीला लावली. आणि पाहुणे काय चालत येणार होते का? विमानांनी आले. दारात गाड्यांची रांग लागली, रिकाम्या गाड्या, इंजिन चालू, कारण साहेब परत बसतील तेव्हा गाडी आतून थंडगार पाहिजे. आपले साहेबही त्यातच होते, नावं कशाला ठेवा परक्यांना. आपल्या साहेबांच्या मागे सात गाड्या होत्या. मामा सायकलने यायचा. घरी बाहेरच्या खोलीत कुणी नसताना बल्ब दिसला की ओरडायचा, "कोणाचं लग्न आहे तिथे?" डाव्या कानाने ऐकू यायचं नाही, मशीनजवळ राहून गेलेला कान, त्यामुळे ओरडायचा म्हणजे सगळ्या गल्लीचे बल्ब बंद व्हायचे.

हॉलच्या छतावर सोलरच्या काचा लावल्या होत्या. मामा सांगायचा, त्या काचांवर फक्त दारावरची हिरवी पाटी पेटते. हॉलचा एसी, बाहेरच्या तंबूंचे एसी, टीव्हीवाल्यांच्या गाड्या, एवढा भार गावाच्या लाइनला झेपत नव्हता. म्हणून तीन दिवस सगळं मामाच्या डिझेलवर.

पण धुराचा पाइप निघायचा बागेच्या बाजूला आणि सगळ्यांचा एकत्र फोटो निघणार होता बागेत. सभेची व्यवस्था बघायला एक बाई आली होती, गळ्यात हिरव्या पट्टीचा बॅज, बोलायला फार गोड. तिने बोट वर केलं आणि मॅनेजरला म्हणाली, "हे फोटोत येईल." धूर नको असं नाही म्हणाली. फोटोत नको.

मॅनेजर मामाकडे आला. "मिस्त्री, तीन दिवसांपुरता पाइप मागे वळवता येईल?"

मागे म्हणजे कुठे, तर दोन भिंतींमधला बोळ. वरून पत्रा, वारा शिरत नाही, आणि मामाच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या बोळात उघडते. बाहेरून माणूस बोलवला असता तर त्याने हात झटकले असते, होणार नाही म्हणाला असता. मामाला होणार नाही म्हणता यायचं नाही. एवढंच म्हणाला, "वळवतो, पण माझं दार उघडं राहिलं पाहिजे." मॅनेजर म्हणाला राहील. अर्ध्या दिवसात मामाने बेंड टाकून, वेल्डिंग करून पाइप असा वळवला की मामीला हात धरून दाखवायला घेऊन गेला. "बघ, जोड कुठे दिसतोय का?"

मामी म्हणाली, "मला पाइपच दिसत नाही."

"तेच तर काम होतं," मामा म्हणाला, आणि हसला.

पहिल्याच दिवशी बॅजवाली धावत आली. दार उघडं असलं की मशीनचा आवाज हॉलमध्ये जातो, भाषणं नीट ऐकू येत नाहीत. दार बंद झालं. वरून जाड रजई ठोकली. ती रजई मामीच्याच लॉन्ड्रीतून गेली, तिनेच काढून दिली. हे ती कुणाला सांगत नाही, पण आम्हाला माहीत आहे.

तर त्या सकाळी रुमाल घेऊन मामा मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने रुमाल दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाला, "मिस्त्री, आज शेवटचा दिवस. एक वाजेपर्यंत काढा."

मामाने एक वाजेपर्यंत काढलं.

एक वाजता मामी हॉलमध्ये गेली, टेबलक्लॉथ काढायला. बघते तर सगळे बसलेले. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत लोक खांद्यावर शाली घेऊन. थंडी वाजते म्हणून आदल्या दिवशी दीडशे शाली मागवल्या होत्या, त्याही मामीनेच धुऊन दिलेल्या. एसी कमी करा असं तीन दिवसांत एकाच्याही तोंडातून निघालं नाही.

भिंतीजवळच्या टेबलावर कुणाचा तरी कानाला लावायचा हेडफोन पडला होता. त्यात आपल्या भाषेतून सांगत होते. मामीने एका कानाला लावला.

एक बाई बोलत होती, गरीब देशाची असणार. "दोनशे वर्षं तुम्ही जाळलं, तुमची घरं उबदार झाली, रस्ते झाले, दवाखाने झाले. आता आमच्या घरात पहिला दिवा लागतोय तर तुम्ही म्हणता फुंकर मारा."

मामीला वाटलं, बरोबर बोलली. मग एक पुरुष बोलला. मागचं उगाळत बसू नका, पुढच्या पिढ्यांचा विचार करा, त्याग सगळ्यांनीच करायला हवा. मग आपले साहेब उठले आणि आमच्या गरीब माणसाच्या वतीने असं फार सुंदर बोलले. टाळ्या पडल्या. मग कळलं की अडलंय कुठे. कागदावर धूर कमी 'करू' लिहायचं का 'करायचा प्रयत्न करू' लिहायचं, यावर सकाळपासून अडलं होतं. श्रीमंतांना पाहिजे होतं की गरिबांनी 'करू' लिहावं आणि त्यांनी स्वतः 'प्रयत्न'. गरिबांना उलटं. मधेच हेडफोनमधला सांगणारा दमून म्हणाला, "यांचं काही उरकत नाही आज," आणि कप ठेवल्याचा आवाज आला.

मामीला हसू आलं. ते हसू तिला अजून डाचतं. कारण ती तिथे हेडफोन लावून हसत होती तेव्हा मामा त्या रजईच्या आड होता.

तीन वाजता ती चहा घेऊन गेली. रजई बाजूला करून दार ढकललं तर आतून वाफ यावी तसा धूर आला. मामा स्टुलावर बसलेला, डोकं स्विचबोर्डाला टेकवलेलं. जरा डोळा लागलाय असं वाटावं असा. चेहरा लाल, चांगला तजेलदार. तिने हाक मारली. मग डाव्या बाजूने मारली म्हणून ऐकू गेली नसेल असं वाटून उजवीकडून मारली.

मशीन तिनेच बंद केलं. लाल बटण कुठलं ते तिला माहीत होतं. हॉलमधले दिवे गेले, एसी गेला, आणि पहिल्यांदा त्या हॉलमधून शे-दीडशे माणसं एकदम कुरकुरल्याचा आवाज आला. पाच मिनिटांत बॅजवाली धावत आली. दारात थांबली. तिने मामाकडे बघितलं, तोंडावर हात ठेवला, डोळ्यांत पाणीही आलं तिच्या, खोटं कशाला बोला. मग हळूच विचारलं, "दिवे किती वेळात येतील?"

दवाखान्यात हार्टने गेला म्हणाले. तिसऱ्या दिवशी मॅनेजर घरी आला, बरोबर टाइप केलेला कागद. त्यात लिहिलं होतं की मिस्त्रींना आधीपासून छातीचा त्रास होता आणि जनरेटर फक्त अडीनडीला चालला. मामीने खाली सही करायची.

"वहिनी, आधीपासून काही त्रास होता का त्यांना?"

"त्रास मला होता. घोरायचे फार."

मॅनेजरने कागद जरा पुढे सरकवला. मग म्हणाला, "पाइप त्यांनी स्वतः वळवला होता हो. मी जबरदस्ती केली नाही."

"हो, त्यांनीच वळवला," मामी म्हणाली. "तेही लिहा. कुणी सांगितलं, कशासाठी सांगितलं, दार कुणी लावलं, रजई कुणी दिली, सगळं लिहा. माझं नाव लिहा. धूर लिहा. मग करते सही."

कागद तसाच परत गेला. अजून दुसरा आलेला नाही.

तेराव्यानंतर मामी कामावर गेली. हॉलच्या दारावर मोठा फलक लागला होता, ही सभा धूरमुक्त पार पडली म्हणून. तिने मॅनेजरला विचारलं, हे कसं. तो म्हणाला, जेवढा धूर झाला तेवढी झाडं लावली कुठल्या तरी दुसऱ्या देशात, म्हणजे बरोबरी झाली.

"झाडं तिकडे, धूर इकडे," मामी म्हणाली, "आणि माणूस?"

तो फाइल उघडून बसला. मामीला शिसारी आली, त्याची नाही, त्या फलकावरच्या हिरव्या पानाची. ती मागे लॉन्ड्रीत गेली. दीडशे शाली पडल्या होत्या, परत धुवायच्या. अत्तराचा वास येत होता त्यांना.

दुपारी दारात एक माणूस उभा राहिला, पन्नाशीचा, हातात पाना. नवीन ऑपरेटर.

"वहिनी, पुढच्या आठवड्यात परत कसली तरी सभा आहे म्हणतात. मला मशीन लावून बघायला सांगितलंय." तो जरा घुटमळला. "ते मिस्त्री रुमाल धरायचे म्हणे. कसा धरायचे?"

मामीने हातातली शाल खाली ठेवली. त्याला घेऊन बोळात गेली. वर बोट करून मामाने वळवलेला पाइप दाखवला. जोड खरंच दिसत नव्हता.

"आधी हा काप," ती म्हणाली. "बागेकडे वळव. मग मशीन लाव."

"साहेबांना विचारू का?"

"नको."

तो शिडी आणायला गेला. मामी शिडीचा पाय धरून खाली उभी राहिली आणि पाइप कापून होईपर्यंत तिने तो सोडला नाही.