वाघाचा आवाज

आमच्या घरात छापलेलं असं एकच यायचं, किराण्याच्या पुडीचा कागद. आई-बाबा वीटभट्टीवर राबायचे, दोघांनाही अक्षरओळख नव्हती. आई डाळ डब्यात ओतायची आणि कागद माझ्यापुढे धरायची, "वाच गं, काय लिहिलंय?" तिथून मी बी.ए. झाले, घरातली पहिली. आज मुलांच्या वाचनालयात नोकरी करते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

हेवाही लपवत नाही. रोज दुपारी एक आई येते, खिडकीखालच्या सतरंजीवर लेकाला मांडीत घेऊन वाचत बसते. ऐकता ऐकता तो तिच्या बांगड्या फिरवत राहतो. टेबलामागून मी त्या बांगड्यांकडे बघते आणि सरळ सांगते, मला तिचा राग येतो. माझी चार वर्षांची मनू तेव्हा पाळणाघरात असते. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी सांगून माझा घसा बसतो, घरी मनूला मिळतं ते "उद्या हं, बाळा."

काल तीच आई म्हणाली, "ताई, तुमच्या मुलीची चैन आहे हो! तुमच्यासारखा वाघाचा आवाज मला नाही जमत. हा पोरगा घरी चिडवतो, 'तुझा वाघ म्हणजे मांजर!'"

मी वाघाच्या गोष्टीचं पुस्तक पिशवीत टाकलं.

संध्याकाळी कणीक तशीच ठेवली, मनूला मांडीत घेऊन पुस्तक उघडलं आणि घोगऱ्या आवाजात डरकाळी फोडली.

"आई, हा वाघ म्हातारा आहे," ती म्हणाली आणि माझ्या बांगड्या फिरवू लागली.

आईच्या मांडीत बसून पुस्तकातली गोष्ट ऐकणारी ती आमच्या घरातली पहिली मुलगी.