सासूबाईच्या जेवणासाठी पाइप

आता काय सांगू तुम्हाले, माणूस सदुसष्ट वर्षांचा झाला म्हणून त्याले अक्कल येतेच असं काही नाही! चहा घ्या, थंडा होईन. मी माह्याच येडेपणाची गोष्ट सांगतो. हसू आलं तं हसून घ्या, मी वाईट मानत नाही.

विषय पाइपचा हाय. हाव, तोच, तोंडात धरून ओढाचा पाइप! वणीले कोळशाच्या खाणीत मी नकाशे काढाचो, तवा एक मॅनेजर साहेब बदलीवर गेले अन् जाता जाता आपला जुना पाइप मले देऊन गेले. झालं! टेबलावर नकाशा, तोंडात पाइप, मी सोताले साहेबच समजाले लागलो. पंधरा वर्षं ओढला. मंग पोरगी वैशाली दहावीले गेली, तंबाखूचा भाव वाढला, अन् माही बायको सुशीला म्हणे, "अजी, या धुरापायी घरातला पैसा अन् माह्या छातीतला दम, दोन्ही चालले." सोडला. एका दिवसात सोडला. वीस वर्षं हात लावला नाही.

मंग सुशीच गेली. पोळ्याच्या आठ दिवस आधी, नागपूरच्या दवाखान्यात, चार दिवसांत खेळ आटोपला. घरात उरलो आम्ही दोघं. मी अन् माह्या सासूबाई.

आता इथं तुम्हाले आमच्याकडली रीत सांगा लागन. सासूबाई बोरी अरब गावच्या, जुन्या वळणाच्या. जवायासमोर डोक्यावरचा पदर सरकू द्याचा नाही अन् जवायाशी सरळ बोलाचं नाही. त्याईले पोरगा नाही, म्हणून नऊ वर्षांपासून आमच्याकडंच हायेत. डोळ्याले फक्त उजेड-अंधार समजते, पण पदर जाग्यावर! मी तीन हातावर बसलो असलो तरी त्या सैपाकखोलीकडं तोंड करून म्हणत, "सुशे, जवायाले विचार, चहा घेता काय." मी बी तिकडंच पाहून म्हणो, "सुशे, मायले सांग, अर्धा कप." लग्नापासून चाळीस वर्षं असंच चाललं. सुशी वैतागे. म्हणे, "तुम्हा दोघांच्या मधात मी टेलिफोनची तार हाव काय?"

अन् तार तुटली ना! मंग चार महिने आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. भांडण नाही, राग नाही. बोलाचं कसं हेच माहीत नाही! मी ताट नेऊन ठेवो, स्टुलावर दोनदा टकटक करो अन् बाहेर निघून जावो. ताट तसंच वापस ये. चतकोर भाकर अन् दोन घास वरण, एवढंच काय ते जाये पोटात. सासूबाई वाळत चालल्या होत्या. दिसत होतं मले, पण तोंड उघडत नव्हतं.

थंडी पडली. सासूबाईसाठी जाड चादर काढाले सुशीची पेटी उघडली, तं तळाशी काय? पाइप! तिच्या जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला, पुसूनबिसून ठेवलेला. मी समजत होतो तिनं कवाच फेकला असन. पेटीपाशी बसून मी लय रडलो. अन् रडून झाल्यावर माणूस काय करते? तंबाखू शोधाले निघते!

आमच्या पानठेल्यावाल्यानं पाइप उलटासुलटा करून पाहिला, अन् शेजारच्या दुकानदाराले पाहाले बोलावलं. "काका, हे नाही भेटत आता. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून देऊ?" म्हटलं, राहू दे. एसटीनं नागपूर गाठलं. तिथल्या दुकानदारानं मुठीएवढं पाकीट समोर ठेवलं अन् म्हणे, "अठराशे."

"किलोचा नाही विचारला. या पाकिटाचा भाव सांगा."

"पाकिटाचाच हाय, काका."

"अरे, तंबाखू देऊन राह्यला का दागिना? माह्या वेळेस..."

"तुमच्या वेळेस सोनं बी सस्तं होतं, काका."

बाप्पा बाप्पा! पण घेतलं. एवढ्या दूर येऊन खाली हात कसं जाव?

दुसऱ्या दिवशी चार वाजता ओसरीत खुर्ची टाकली. पाइप भरला, काडी लावली. पहिल्याच झुरक्याले असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी! खोकलत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"सुशे, जवायाले सांग, वरणात मीठ नव्हतं."

माह्या अंगावर काटा आला. चार महिन्यानं सासूबाई बोलल्या, अन् बोलल्या कोणाशी? मेलेल्या पोरीशी! अन् त्या सांजी अख्खी भाकर खाल्ली. ताट पुसून वापस.

मी लावला ना तर्क! जुन्या काळी सुशी माहेरी जाये, तवा तिच्या पातळाले माह्या तंबाखूचा वास राहे. म्हटलं, म्हातारीचं डोकं सरकलं, वास आला का तिले सुशी आल्यावानी वाटते. असं डोकं खाणीत चालवलं असतं तं मीच मॅनेजर झालो असतो.

पुण्याले वैशालीले फोन केला. ती म्हणे, "बाबा, या वयात होते असं. आजीले एकदम खरं सांगू नका, धक्का बसन. हो ला हो करा." मंग म्हणे, "पण बाबा, तुम्ही पाइप ओढून राह्यले?"

"औषध म्हणून."

"कोणाचं औषध?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता ओसरीत. आतून आवाज, "सुशे, जवायानं स्वेटर घातलं काय वं? खोकून राह्यले." आता उत्तर कोण देईन? मी घसा साफ केला, आवाज बारीक केला अन् म्हटलं, "हाव वं माय, घातलं!"

हसा, हसा! मिशा हायेत मले, पाहून राह्यले ना? अन् नेमकी फाटकात लताबाई उभी. आमची शेजारीण. विहारातून येता येता कढीची वाटी घेऊन आलती. तिनं माह्या हातातला पाइप पाहिला, माहं तोंड पाहिलं, वाटी कठड्यावर ठेवली अन् आल्या पावली वापस गेली. सांजपर्यंत गल्लीत बातमी, काकाचं डोकं फिरलं, धूर काढते अन् काकूच्या आवाजात बोलते. दुसऱ्या दिवशी विहारातल्या चार बाया मले भेटाले आल्या. त्याईतली एक मले म्हणे, "भाऊ, जेवता ना वेळेवर?"

पण मी काय थांबतो? पाकीट संपत आलं तसं अर्धी अर्धी चिमूट भराले लागलो. बिडी फोडून तिची तंबाखू मिसळून पाहिली, तं लताबाईनं आपल्या खिडक्या लावून घेतल्या. मंग दोन दिवस पाइपच नाही. पाइप नाही तं ओसरीत बसणं नाही. आतून चिडीचूप, ताट जसंच्या तसं वापस. पाहा, म्हटलं, वासच पाहिजे म्हातारीले! तिसऱ्या दिवशी पुन्हा नागपूर. भाव अजून वाढला होता. घेतलं.

अन् खरं सांगू? मले बी गोडी लागली. "सुशे, जवायाले विचार, यंदा तूर कशी हाय." मी बारीक आवाजात सोतालेच विचारो, जाड आवाजात उत्तर देवो, पुन्हा बारीक आवाजात आत पोचवो. तिघांचं काम एकटा करत होतो! कधी कधी मीच सैपाकखोलीकडं पाहो. तिथं कोणी नाही हे ठाऊक असून पाहो. पाइप विझे, अन् मंग घर खायला उठे.

असे दोन महिने गेले. एक दिवस सांजी सासूबाईचं ताट पुरं झालतं, माहा पाइप अर्धा झालता. आतून हळू आवाज आला.

"सुशे."

"काय वं माय?" मी बारीक आवाजात.

"जवायाले विचार. सुशी जाताना काय म्हणे?"

 पाहा बरं तुम्ही! सुशीलेच सांगून राह्यल्या, का सुशी जाताना काय म्हणे ते विचार. म्हणजे म्हातारीचं डोकं पक्कं जाग्यावर होतं! पोरगी नाही हे त्याईले पुरतं ठाऊक होतं. जवायाशी सरळ बोलाची रीत नाही, म्हणून पोरीचं नाव मधात घालून बोलत होत्या, चाळीस वर्षं बोलल्या तशाच. येडा कोण झाला होता? मी!

मी पाइप खाली ठेवला. आत गेलो. खाटेपाशी स्टुलावर बसलो. त्याईनं चाहूल घेतली अन् पदर पुढं ओढला.

"माय," मी म्हटलं. माह्याच आवाजात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "मले नाही माहीत. मी नव्हतो तिच्यापाशी. खाली चहा प्यायले गेलतो. दहा मिनिटं. वर आलो तं नर्स तिची चादर नीट करून राह्यली होती."

हे मी वैशालीले बी सांगितलं नाही. तिले म्हटलं, शांत गेली तुही माय, हातात हात होता माह्या. खोटं! सासूबाईपासून मी याच्याचसाठी पळत होतो. रीत तं नुसता बहाणा होता. त्या कधी ना कधी हेच विचारतीन, ही भीती होती मले.

त्या पदराच्या आत रडत होत्या. मंग सैपाकखोलीकडं नाही, माह्याकडं तोंड करून म्हणे, "चहा तं पुरा घेतला ना? चार दिवसांचे जागे होते तुम्ही."

मी बाहीनं डोळे पुसले.

"अन् जवाईबापू, तो धूर सोडा आता. मले रोज ठसका लागते."

"मंग... मंग तवाच जेवत काहून होत्या तुम्ही?"

"तुम्ही ओसरीत बसत होते ना. घरात माणूस हाय असं वाटे. एकटीले घास उतरत नाही, बाप्पा."

ऐकलं? म्हणजे मी बिनापाइपचा, फुकटात बसलो असतो, तरी भागलं असतं!

"अन् तो आवाज काढू नका," त्या म्हणे. "सुशीचा असा नव्हता. मले रोज वाटे, घरात बकरी शिरली."

"नाही काढत, माय," असं म्हणासाठी मी तोंड उघडलं. अन् तुम्हाले खोटं वाटन, तोच बारीक आवाज निघाला. या वेळेस मी काढला नव्हता.