वाळलेल्या पेशी आणि माझी बादली

मी प्रयोगशाळेत एका किड्याच्या पेशी वाळवतो. त्या खडखडीत वाळल्या तरी पाणी मिळताच पुन्हा जगतात. कोणत्या जनुकामुळे, हे शोधायला आम्ही एकेक जनुक बंद करतो. नेमकं ते बंद झालं की पेशी वाळून मरते.

पाणीकपातीत आमच्या खांदा कॉलनीत सकाळी तासभरच नळ येतो. परवा तो अख्खा तास मी शेजारच्या काकूंना हेच ज्ञान पाजळत उभा. काकू मान डोलावत हंडे, पिंप, अगदी कुकरसुद्धा भरत होत्या.

घरी उरल्यासुरल्या पाण्यात अंगाला साबण फासला, नळ सोडला, तर नुसती फुसफुस. टॉवेल गुंडाळून, बादली घेऊन पुन्हा काकूंच्या दारात.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “अरे, तुझं ते जनुक कुणी बंद केलं?”