हसण्यावारी न नेणाऱ्या बाई

वत्सलाबाई कोंढरे यांच्याशी माझा पहिला परिचय अभिमानाने सांगावा असा नाही. विश्रांतवाडीच्या आमच्या शाळेत मी नवा रुजू झालो होतो. स्नेहसंमेलनासाठी मी एक प्रहसन लिहिले. त्यातला चोर पारध्यांच्या बोलीची नक्कल करी. सभागृह हसून लोटपोट झाले आणि मी हुरळून गेलो.

त्यानंतर चौथ्या दिवशी सातवीत एकाचे घड्याळ हरवले. रेखा वर्गातली एकटी पारधी मुलगी. मुलांनी माझ्या चोराच्याच आवाजात बोलत तिला घेरले. वर्गशिक्षकांनी सगळ्यांदेखत तिचे दप्तर उलटे केले. घड्याळ पुढे प्रयोगशाळेत सापडले, पण रेखा शाळेत यायची थांबली.

बाई सातवीला मराठी शिकवत. शिक्षकखोलीत त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सर, पारध्यांची बोली तुम्ही कुठे ऐकलीत?"

"ऐकली नाही, बाई. असंच बोलतात ना ते? गंमत होती."

"न ऐकलेल्या माणसांची नक्कल? मग तो चोर तुमच्याच मनातला. चला, तिच्या घरी जायचंय."

आळंदी रस्त्यालगतच्या वस्तीत रेखाच्या आईने आमच्यासाठी सतरंजी अंथरली. मग विचारले, आमचं बोलणं कानावर पडलं की तुम्हाला चोरच का आठवतो? हे तिच्या उच्चारांत लिहायला माझा हात आजही धजत नाही.

शाळेत परतून बाईंनी तक्रार केली, तर मुख्याध्यापक म्हणाले, "पोरांची चेष्टा ती. एवढं काय मनावर घेता?"

बाई कडाडल्या, "चेष्टा होती, तर वर्गशिक्षकांनी तिचं दप्तर कशाला उघडलं?"

मी आणि वर्गशिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागेपर्यंत त्यांनी पिच्छा सोडला नाही. रेखा परतली. दहावीपर्यंत बाईंनी तिला घरी बोलावून शिकवले, आणि तिच्याकडून तिची भाषा शिकून घेतली. उच्चार चुकला की त्या लहान मुलीसारख्या ओशाळत.

आजही हिंजवडीतले शिकले-सवरलेले लोक असल्या नकलांच्या चित्रफिती एकमेकांना पाठवतात, आणि घरकामाला बाई ठेवताना आधी तिची जात विचारतात. आपण नुसते हसलो, असे यांना वाटते! बाई अशांना फोन करून जाब विचारतात. दोन-तीन व्हॉट्सॲप गटांतून त्यांना त्यापायी काढूनही टाकले आहे.

रेखा आता परिचारिका आहे. आईचा फोन आला की आपली बोली कुणाच्या कानावर पडू नये म्हणून ती अजूनही वॉर्डाबाहेर जाऊन बोलते. ही लाज तिच्या गळ्यात आम्ही बांधली, याची चीड मला आयुष्यभर पुरेल.

बाईंनी साठ वर्षे पूर्ण केली. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. इतके दीर्घ, की रेखा भर वॉर्डात, मोकळ्या आवाजात आईशी बोलताना त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकता यावी.